तपासणीला खाली आणलेली टाकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हासुद्धा नाही. बारा वर्षं झाली. आज तुम्हाला सांगतो — तुम्हालाच का, ते विचारू नका. तुम्ही पावणं, ऐकून निघून जाल. गल्लीतल्या माणसाला सांगितलं तर रोज त्याच्याच दारावरून जायचं, ते मला जमणार नाही. बसा जरा. वेळ लागेल, कारण हे सरळ तोंडातून निघत नाही.

एरवी मी गप्प बसणारा माणूस नाही बरं का. इथं कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझी पिठाची गिरणी होती, तीस वर्षं चालवली. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून आवाज असा झालाय की घरात चहा मागितला तरी गल्लीला कळतं. आणि जे असेल ते तोंडावर. कुणाची भिंतीवरून भांडणं लागली, नळावरून लागली, की लोक म्हणायचे, मामांना बोलवा, ते खरं काय ते सांगतील. मामा म्हणजे मी. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू? छाती फुगवून जायचो, दोघांनाही झापायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

मुद्द्याला येतो म्हणतो आणि येत नाही, बघा. आधी गॅसचं सांगावं लागेल.

आमच्या घरात गॅसची कनेक्शनं दोन. एक माझ्या नावावर, एक आईच्या. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. माणूस गेलं की कनेक्शन दुसऱ्याच्या नावावर करायचं, नाहीतर परत द्यायचं, असा नियम. पण कोण करतंय? पुस्तक चालू होतं, टाकी येत होती, चालू द्या की! माझी टाकी खाली आमच्या स्वयंपाकघरात, आणि आईच्या नावाची वर, भाडेकरूंच्या शेगडीला. हे नियमात बसत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

वर दोन खोल्या होत्या. त्यात अश्विनी राहायची, तिचा नवरा सागर आणि पाच वर्षांची तनू. मूळ गारगोटीकडची माणसं. सागर फौंड्रीत कामाला. अश्विनी गुजरीतल्या एका सोनाराकडं साज गाठवायची. कोल्हापुरी साज तुम्ही बघितला असेल, पण तो गाठवताना बघितलाय का? एकेक जवमणी, एकेक पान दोऱ्यात ओवायचं, मधे बारीक गाठ मारायची, आणि सगळी पानं एका ओळीत बसली पाहिजेत, एक तिरकं चालत नाही. तिचा हात असा होता की तो सोनार लग्नसराईतलं नाजूक काम दुसऱ्या कुणाला देतच नव्हता. कधीकधी घरी आणून जिन्यात उजेडाला बसायची. मी येता-जाता बघत उभा राहायचो. म्हणायचो, अगं डोळं जातील की. ती हसायची, मान वर करायची नाही.

ही पोरगी मला तीनदा म्हणाली होती, मामा, तुम्ही ना-हरकतीवर सही द्या, आम्ही आमचं स्वतःचं कनेक्शन घेतो. तीनदा. मी दिली नाही. का? तर या पत्त्यावर भाडेकरूच्या नावाचा एक कागद झाला की दुसरा होतो, दुसऱ्यावर तिसरा, आणि मग ते घर सोडत नाहीत — असं आम्ही घरमालक कट्ट्यावर बसून एकमेकांना सांगायचो. कुणाचं घर असं गेलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं का? एकाचंही नाही. पण भीती घालायला कट्टा पुरतो. मी तिला म्हटलं, आईच्या नावाचं हाय की, वापर, तुला कशाला तो व्याप?

आणि वर मोठेपणा बघा माझा. भाडेकराराच्या कागदावर मी स्वतः एक ओळ घालायला लावली होती, की दरवर्षी गॅसची तपासणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची. वकील हसला होता. म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, मी लिहितो. कट्ट्यावर सांगत सुटलो — आमच्याकडं दिवाळीच्या आधी मेकॅनिक बोलावून दोन्ही टाक्या तपासून घेतल्याशिवाय फराळ होत नाही. लोक माना डोलवायचे.

आता ती तपासणी कशी व्हायची ते ऐका. इथं माझी जीभ अडखळते.

एजन्सीचा मेकॅनिक वर गेला असता तर भाडेकरूच्या शेगडीला मेलेल्या बाईची टाकी लावलेली त्याला दिसली असती. म्हणून तो यायच्या आधी, अश्विनी कामावर गेली की, मी वर जायचो. किल्ली माझ्याकडं असायचीच. रेग्युलेटर काढायचा, त्याच्यातनं नळी ओढून काढायची, टाकी आणि रेग्युलेटर खाली आणायचा. खाली आमची फराळ तळायची जादा शेगडी होती, तिला नवी कोरी नळी. त्या शेगडीला आईची टाकी जोडून ठेवायची. मेकॅनिक आला की बघणार काय? एकाच घरात दोन शेगड्या, दोन टाक्या, सगळं झकास. साबणाचा फेस लावून बघायचा, एक बुडबुडा नाही. दोन्ही कागदांवर सही करायचा, चहा प्यायचा आणि जायचा. मग मी टाकी परत वर नेऊन जोडायचो. आमची ही ओरडायची, कंबर मोडून घ्याल. तिला वाटायचं, मेकॅनिकला जिने चढायला लागू नयेत म्हणून मी हे करतो.

म्हणजे समजलं ना? टाकी दरवर्षी तपासली गेली. वरची शेगडी, वरची नळी — त्यांना अश्विनी राहायला आल्यापासनं एकदाही कुणाचा हात लागला नाही. लागला तो माझाच. दरवर्षी मी ती नळी ओढून काढायचो आणि परत दाबून बसवायचो. रबराला किती सोसणार?

त्या वर्षी दिवाळी आठ दिवसांवर होती. दुपारी मेकॅनिक येऊन गेला. मी टाकी वर नेली, नळी बसवायला घेतली तर तिचं तोंड फाटलेलं. मी विळीवर बोटभर तुकडा कापून टाकला. सगळेच कापतात, असं तुम्ही म्हणाल. पण नळी आखूड झाली. रेग्युलेटरपर्यंत ताणून न्यावी लागली. आणि ताणल्यावर मधे, ओट्याच्या कडेला ती जिथं घासायची तिथं, बारीक चीर उघडलेली मला दिसली. दिसली, पावणं. माझ्या या डोळ्यांनी दिसली. वाकून वास घेतला — आला. थोडा, पण आला. मी खिडकी उघडली, रेग्युलेटर बंद केला आणि मनात म्हटलं, उद्या सकाळी नवी नळी आणून टाकू.

खाली तळायच्या शेगडीला नवी नळी होतीच की! तीच काढून वर लावायची, पाच मिनिटांचं काम. का लावली नाही? बारा वर्षं हेच विचारतोय स्वतःला. दमलो होतो. दोनदा टाकी वाहिली होती. मला गरमागरम चहा हवा होता. याच्यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, पण नाही.

हे सुद्धा एक वेळ चूक म्हणून खपलं असतं. पुढचं चुकीत बसत नाही.

संध्याकाळी साडेसहाला अश्विनी कामावरनं आली. मी जिन्याखाली खुर्ची टाकून बसलेलो. तिनं चपला काढता काढता विचारलं, "मामा, तपासणी झाली न्हवं? काल जरा वास आल्यागत वाटलं मला."

कळतंय का? तिनं विचारलं. तिला शंका आली होती. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं — पोरी, नळी चिरलीय, उद्यापर्यंत पेटवू नको, आज रात्री आमच्याकडं जेवा. पण मग ती म्हणाली असती, तपासणी झाली तर मग नळी कशी चिरलेली? आणि मग सगळंच सांगायला लागलं असतं. दरवर्षी टाकी खाली येते, वर कुणी येत नाही, तुझ्या मामाचा तो मोठेपणा नुसत्या कागदावरचा आहे. त्या पोरीच्या नजरेतनं उतरायची मला लाज वाटली. मी तिला तो सही केलेला कागद दाखवला आणि म्हटलं, "झाली. एकदम ओके. बिनधास्त वापर."

तिनं कागद नीट बघितला सुद्धा नाही. मामांनी सांगितलं म्हणजे झालं. रात्री तिनं काही पेटवलं नाही, सागर बाहेरनं वडे घेऊन आला होता. नशीब एक रात्र माझ्या बाजूनं होतं. तेवढ्या रात्रीत मी उठून नळी बदलू शकलो असतो. मी झोपलो.

सकाळी सात वाजता ती भाकरीला उठली. रेग्युलेटर चालू केला, लायटर ओढला, आणि ओट्याखाली भडका उडाला. मला ऐकू आली ती तिची हाक. आई नाही, देव नाही, सागर नाही. "मामा!" अशी हाक मारली तिनं.

मी वर पोचलो तेव्हा ती ओट्याखाली वाकलेली होती. तनू दारात बसून मोजे घालत होती, तिला पायानं बाहेर ढकललेलं. आणि उजवा हात — उजवा हात सरळ जाळात घालून तिनं रेग्युलेटर बंद केला होता. तसाच धरून बसलेली, सुटला तर परत पेटेल म्हणून. मी गोणपाट भिजवून टाकलं. जाळ विझला होता तिच्यामुळंच. ती पळून गेली असती तर आमचं घर, शेजारची दोन घरं, काय राहिलं असतं? माझं घर त्या पोरीनं वाचवलं. त्याचं मी काय केलं ते ऐका आता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तिला बोलता येत नव्हतं. सागर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं — माझ्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं — "शेगडीचं बटण रात्रीपासनं चालूच राहिलं असंल, सकाळी रेग्युलेटर उघडला तसा गॅस साठला. कालच तपासणी झालीया, नळी-बिळी सगळं ओके होतं, हा बघा कागद." कागद माझ्या खिशात होता. घरातनं निघताना मी पैशाचं पाकीट विसरलो होतो, पण तो कागद घेतला होता. यावरनं मी कसला माणूस ते ओळखा.

सागर तापट. तिथंच, तिच्या हातावर पट्ट्या बांधत असताना, तो तिच्यावर ओरडला, "तुला अक्कल न्हाय काय गं? पोरगीला मारलं असतंस की!" नर्सनं त्याला बाहेर काढलं. अश्विनी माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, आता म्हणेल — मामा, मी वासाचं बोलले होते की तुम्हाला. ती तसं बोलली नाही. ती आठवायला लागली. डोळे मिटून आठवत राहिली आणि शेवटी पुटपुटली, व्हय, दूध तापवून बटण बंद केलं का न्हाय, ध्यानात न्हाय माझ्या. आदल्या दिवशी ती घरी आल्यावर दूध तापवलंच नव्हतं. पण माझा शब्द एवढा मोठा होता तिच्यासाठी, की तिनं माझ्या खोट्यात बसेल अशी आठवण स्वतःच तयार केली. माणूस एखाद्यावर विश्वास ठेवतो तो इतका? आणि मी ऐकत उभा राहिलो.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं? जळकी नळी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत टाकली. एजन्सीला कळवू दिलं नाही. सागर म्हणत होता, कळवूया, विमा असतो म्हणतात. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पोलीस येतील, हयगय केली म्हणून तुझ्या बायकोवरच येईल, झाकून घे. तो घाबरला. माझे आभार मानले त्यानं.

तिचा जीव वाचला. हातही राहिला. पण उजव्या हाताची तीन बोटं अशी आखडली की पेन धरता येईना, सुई तर लांबच. सोनारानं दोन महिने वाट बघितली, मग दुसरी बाई ठेवली. ती तेव्हाही जिन्यात उजेडाला येऊन बसायची, मांडीवर काही नसायचं. मी मागल्या दारानं जायला लागलो. सहा महिन्यांनी ते गारगोटीला परत गेले. सागर तिकडं कुणाच्या दुकानात लागला, आणि ती — तिला घरचे एकटीला गॅसजवळ जाऊ देत नाहीत. बारा वर्षं तिच्या घरात तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगतात, की हिच्या विसरभोळेपणानं एकदा आग लागली होती. पावण्यारावळ्यांना सांगतात, हसत सांगतात. तनू त्यातच लहानाची मोठी झाली. बटण बंद केलंस का, असं पोरगी आईला विचारते म्हणे.

हे मला कसं माहीत? तीच सांगते. दर दिवाळीला ती येते ना आमच्याकडं! फराळाचा डबा घेऊन, एसटीनं. येते, पाया पडते, आणि दरवेळी म्हणते, माझ्यामुळं तुमचं घर जळालं असतं मामा, तुम्ही एक शब्द बोलला न्हाईसा. आमची ही तिला पदरानं डोळे पुसून जवळ घेते. मी पेपर उघडतो.

तेव्हापासनं मी वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या नाहीत. आईचं कनेक्शन परत करून टाकलं. लोकांना वाटतं, आगीची धास्ती बसली मामांना.

गेल्या महिन्यात ती अवेळी आली. दिवाळी नाही, काही नाही. तनू बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, कोल्हापुरात कॉलेज मिळालं. अश्विनीच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्या आगीनंतर पहिल्यांदा बघितला. म्हणाली, तिचे बाबा हॉस्टेल म्हणतात, पण मी म्हटलं, माझी पोरगी मामांच्याकडंच राहील. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी न्हाय ठेवणार. वरची एक खोली द्या, मामा.

ती पोरगी रोज जिन्यानं वर-खाली करणार. रोज मामा म्हणणार. एक दिवस तिच्या आईच्या बोटांबद्दल काहीतरी विचारणार. मी म्हटलं, न्हाय जमणार. खोली द्यायची न्हाय.

आमची ही चहा घेऊन आली होती. तिला काय कल्पना! ती म्हणाली, "असं काय करताय? रिकामीच हाय की वरची खोली. लेकीसारखी पोरगी ती."

मी म्हटलं, न्हाय म्हणजे न्हाय.

अश्विनी माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावरचा आनंद कसा गेला ते मला सांगता येणार नाही. तिला कळलं — म्हणजे तिला जे वाटलं ते. खोली रिकामी आहे, द्यायची नाही, म्हणजे मामांच्या मनात ते अजून आहे. बारा वर्षं पाया पडून, डबे आणून, मामांनी तिला मनातनं कधी माफ केलंच नव्हतं. ज्या एका घरात तिला कुणी वेंधळी म्हणत नव्हतं, त्या घरानंही दार लावलं. डोळे भरून आले तिचे. तरी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "अजून राग हाय व्हय तुमचा?"

आता तरी बोलायचं होतं. अश्विनी समोर उभी, बायको ट्रे घेऊन बाजूला, घरात दुसरं कुणी नाही. चिरलेली नळी मी बघितली होती — एवढं एक वाक्य. ती गारगोटीला जाऊन नवऱ्यापुढं, पोरीपुढं मान वर करून उभी राहिली असती. एका वाक्यात तिची बारा वर्षं तिला परत मिळाली असती. मी तोंड उघडलं सुद्धा.

आणि मिटलं.

तिनं चहाला हात लावला नाही. डाव्या हातानं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली, परत वळली आणि खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. उजव्या हाताची ती तीन आखडलेली बोटं. म्हणाली, "चुकलं माझं, मामा."

मी म्हटलं, "असू दे."